माझ्या नावाची फुंक

१ जानेवारी २०२५, सकाळी ६

ही डायरी ऑइलवाल्या एजंटाने फुकट दिली. दर पानाखाली ऑइलचा डबा छापला आहे, पण जागा भरपूर आहे. यंदापासून रोज लिहिणार. वाचणारं कोणी नाही, तेव्हा सगळं खरं लिहायला हरकत नाही.

पहिल्या पानावर नाव, वय, व्यवसाय विचारला आहे. देवीदास ढोके, ५४, अमरावती. व्यवसायात 'टँकर व डेन्सिटी प्रमुख' लिहिलं. बडनेरा रोडवरच्या आमच्या पेट्रोल पंपावर असं पद नाही, पण बावीस वर्षांपासून ते काम मीच पाहतो.

संकल्प: रोज पहाटे छत्री तलावापर्यंत पायी. खोकला महिन्याभरात बंद. तंबाखू कायमची बंद. ती मी तशीही खात नाही, म्हणजे निदान एक संकल्प तडीला जाणार.

२ जानेवारी

थंडी फार. तलाव उद्या.

९ जानेवारी, संध्याकाळी

सकाळी टँकर आला. मी डिप घेतली, पट्टी बुडवून माल मोजला, नमुना काढला, भेसळ नाही ना म्हणून डेन्सिटी पाहिली, टँकर खाली केला. चाळीस मिनिटांत काम फत्ते. टँकरचं वरचं झाकण उघडलं की आतली वाफ भसकन तोंडावर येते. नवा माणूस मागे सरकतो. आम्ही सरकत नाही. त्या वाफेमुळेच मला कधी सर्दी होत नाही. खोकला आहे, पण त्याचा वाफेशी संबंध नाही.

मदतीला धर्मेंद्र होता. धर्मेंद्र तायडे, बडनेऱ्याचा, वय ३८. बारा वर्षांपासून आमच्याकडे रोजंदारीवर आहे. लग्नसराईत बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. छाती अशी की शर्टाचं दुसरं बटण कधी लागत नाही. मला 'भाऊ' म्हणतो आणि मी म्हणेन ते करतो. अशी माणसं आता मिळत नाहीत.

१७ जानेवारी

मालक उत्तमरावांनी मास्क वाटले. मी घातला नाही. मास्क घातल्यावर वास कसा येणार, आणि वास हेच तर आमचं शास्त्र. धर्मेंद्रलाही तेच समजावलं. त्याने मास्क घरी नेला, बायकोला पोळ्या करताना धुराला होईल म्हणून.

मास्क येण्याआधी आम्हाला गूळ मिळायचा. छाती साफ करायला गुळासारखं काही नाही. हे मी मालकांना सांगितलं. त्यांनी गूळ पुन्हा सुरू केला.

३ फेब्रुवारी

वाईट बातमी. सोमवारी एका मेडिकल कॉलेजचे डॉक्टर पंपावर येणार, सगळ्या कायम कामगारांची छाती तपासणार. नळीत जोरात फुंकायचं, मशीन आकडा सांगतं. ज्याचा आकडा खराब येईल त्याला टँकरवरून काढून हवेच्या मशीनवर बसवायचं, असं मालक म्हणाले. तिथे सावली असते, स्टूल असतं, असंही म्हणाले. जणू बक्षीसच.

बावीस वर्षं डेन्सिटी पाहिलेल्या माणसाने पोरांच्या सायकलीत हवा भरायची?

यादीत अकरा नावं आहेत. माझं दुसरं. धर्मेंद्रचं नाही. त्याने मालकांना विचारलं, तर रोजंदारीवाल्यांचं पुढच्या वेळी पाहू म्हणाले.

५ फेब्रुवारी

घरी फुगा फुगवून पाहिला. अर्धा झाला आणि जो खोकला लागला तो थांबेना. सौ. दुर्गाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. मी फुगा उशीखाली लपवला. फुगा जुना होता, रबर कडक झालं होतं. तरी मनात धाकधूक आहे. इथे लिहायला हरकत नाही की भीती वाटते. छातीत काही असेल तर असो, ते मशीनने सगळ्यांसमोर सांगायची गरज नाही.

८ फेब्रुवारी

तोडगा निघाला. डॉक्टर मंडळी आपल्याला कुठे ओळखतात? यादीतलं नाव पुकारणार, माणूस येणार, फुंकणार, जाणार. धर्मेंद्रची आणि माझी उंची सारखी आहे. डोक्याला रुमाल बांधला की वयही झाकतं. धर्मेंद्रला म्हटलं, माझ्या नावाने फुंकशील का? मला वाटलं आढेवेढे घेईल. उलट खूश झाला.

"तुमच्या नावानं का होईना भाऊ, मशीनमंदी फुकून त पाहतो. ज्योत्स्ना सारखी दवाखान्यात चाला म्हनून राहिली."

ज्योत्स्ना त्याची बायको. बायकांना काळजी करायची सवयच असते.

१० फेब्रुवारी

काम फत्ते. 'देवीदास ढोके' पुकारलं आणि धर्मेंद्र रुमाल बांधून गेला. मी मागे ऑइलच्या खोलीत खोक्यांच्या आड उभा होतो, फटीतून सगळं दिसत होतं. त्याला तीनदा फुंकायला लावलं. मग आणखी एकदा. मोठ्या मॅडम स्वतः उठून त्याच्याजवळ आल्या. आमच्या माणसाची फुंक पाहून चकित झाल्या असाव्यात.

परत आला तेव्हा घामाघूम होता, गुडघ्यावर हात टेकून बराच वेळ खोकत होता. कसं झालं विचारलं तर बोटांनीच 'मस्त' अशी खूण केली. त्याला कचोरी खिलवली. अर्धीच खाल्ली.

१९ फेब्रुवारी

बंद पाकिटात रिपोर्ट आला. घरी येऊन दार लावून वाचला. सगळं इंग्रजी, आकडे, एक वाकडी रेष. खाली मॅडमनी हाताने मराठीत लिहिलं आहे:

'ढोके काका, तुमच्या फुफ्फुसांची ताकद निम्म्याहून कमी आहे. इंधनाच्या वाफेजवळचं काम ताबडतोब थांबवा. छातीचा एक्स-रे काढून आठ दिवसांत मला भेटा. उशीर करू नका. डॉ. रागिणी.'

आधी घाबरलो, मग आठवलं की फुंकलो मी नव्हतोच. मग पोट धरून हसलो. ट्रम्पेटवाल्याची छाती निम्मी? मशीन बिघडलेलं आहे. धर्मेंद्र निम्मा असेल तर मी फेब्रुवारी पाहिलाच नसता.

रिपोर्ट कपाटात, कागदाच्या अस्तराखाली ठेवला.

२० फेब्रुवारी

मालकांनी विचारलं, मी पास म्हटलं. त्यांनी कागद मागितला नाही.

धर्मेंद्रनेही विचारलं, चहाच्या टपरीवर. आता त्याला बिघडलेल्या मशीनचं सांगून काय उपयोग? उगाच घोर लागला असता, आणि ज्योत्स्नाबाईंनी त्याला दवाखान्यात नेलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. म्हटलं, फर्स्ट क्लास पास.

त्याचा चेहरा असा फुलला की मलाच बरं वाटलं. म्हणाला, आजच घरी सांगतो, आता तिची कटकट बंद होईल.

२ मार्च

दहा दिवसांत लिहिलं नाही. तलावही झाला नाही. खोकला आहे तसाच. सकाळी जास्त, जेवल्यावर त्याहून जास्त.

मॅडमच्या चिठ्ठीतले आठ दिवस होऊन गेले. अर्थात ते मला लागू नाहीत.

१८ मार्च

राजापेठेत वरात रस्ता अडवून बसली होती. बँडमध्ये धर्मेंद्र. मी स्कूटर बाजूला लावून पाहत राहिलो. उंच सूर आला की तो ट्रम्पेट खाली घेतो आणि क्लॅरिनेटवाला वाजवतो. हल्ली गाण्यांची चाल अशीच असेल. मग तो वरातीच्या मागे राहिला, जनरेटरच्या गाडीला धरून चालत होता. माझ्याकडे पाहून त्याने हात केला.

घरी येऊन कपाट उघडलं, रिपोर्ट काढला. पुन्हा वाचला. पुन्हा ठेवला. दोन मशिनांवर तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नये, हे डेन्सिटीच्या कामात मी शिकलो आहे.

४ एप्रिल

मॅडमचा फोन आला. फॉर्मवर नंबर माझाच होता. का आला नाहीत, तब्येत कशी आहे, वाफेजवळ जात नाही ना, असं विचारत होत्या. आवाज चांगला आहे, रागावतात पण हळू. मी म्हटलं, मॅडम मी अकोल्याला आहे, आल्यावर येतो.

खोटं बोलायची मला सवय नाही. दिवसभर मन खात होतं. शेवटी दुपारची पॅसेंजर पकडून खरंच अकोल्याला जाऊन आलो. साळ्याकडे चहा घेतला. तो विचारत होता काय काम काढलं. आता निदान बोललेलं खरं झालं.

२३ एप्रिल

पारा ४४. या दिवसांत टँकरचं झाकण उघडलं की वाफ डोळ्यांना दिसते, वरची हवा थरथरते. आज डिझेल तळाशी थोडं उरलं होतं. पंप लावायला वेळ लागतो, म्हणून नेहमीप्रमाणे नळी टाकून तोंडाने ओढलं. घोट आत गेला. धर्मेंद्र पंधरा मिनिटं खोकत होता, ओठ काळेनिळे पडले होते. मी त्याला गूळ दिला.

शिडीवरून उतरताना तिसऱ्या पायरीवर बसला. मी खालून विचारलं, "काहून रे, काय झालं?"

"काई नाई भाऊ. छाती त पास हाये. ऊन लागलं असन."

हे ऐकून जेवण गेलं नाही. उद्या त्याला खरं सांगणार. पक्कं.

२४ एप्रिल

टँकर नव्हता. धर्मेंद्रही आला नाही.

२७ एप्रिल

आला. त्याच्या सासऱ्याचं काहीतरी कार्य होतं, आनंदात होता. आनंदात असलेल्या माणसाला असलं सांगू नये.

३० एप्रिल

आज सांगणारच होतो. टपरीवर चार माणसं होती.

११ मे

माणूस एकटा असतो तेव्हा मला धीर होत नाही, आणि धीर होतो तेव्हा माणसं असतात. शिवाय सांगायचं काय? की मी भित्रा, म्हणून तुला पुढे केलं, आणि तुझा निकाल दाबून ठेवला, कारण तो माझ्या नावावर होता? दहा वेळा वाक्य जुळवलं. कसंही फिरवलं तरी तेच निघतं.

त्यापेक्षा त्याला नुसतं म्हणावं, एकदा कुठेतरी दाखवून घे. म्हटलं. तो हसला. "तपासनी त झाली ना भाऊ," म्हणाला.

६ जून, रात्री

धर्मेंद्र पडला. घरीच, न्हाणीत. ज्योत्स्नाबाईंचा फोन आला. रिक्षाने अमरावतीच्या दवाखान्यात नेलं, तिथून अकोल्याला मोठ्या दवाखान्यात हलवलं. ऑक्सिजन लावला आहे. उद्या जाणार. हे पुढे ढकलणार नाही.

७ जून

गेलो. रिपोर्ट खिशात होता. वॉर्डात तो बसूनच होता, आडवं होता येत नाही म्हणे. नाकातोंडावर मास्क. मला पाहून मास्क बाजूला करायला लागला, नर्स ओरडली.

राउंडच्या डॉक्टरांनी विचारलं, याआधी छातीची काही तपासणी? जुना रिपोर्ट असेल तर किती दिवसांचं आहे, किती वेगाने वाढतंय, ते कळेल. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "चार महिन्यांआंधी पंपावर झाल्ती साहेब. मशीनवर. चांगली निंघाली होती." आणि माझ्याकडे पाहिलं, दुजोऱ्यासाठी.

मी खिशावर हात ठेवून उभा होतो. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

८ ते १९ जून

काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही केलं नाही.

२३ जून

दुर्गाबाईंनी परवा कपाटाचं अस्तर बदललं. कामावरून आलो तर त्या जमिनीवर बसलेल्या, रिपोर्ट पदरात. मॅडमनी मराठीत लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं. माझा हात धरून इतक्या रडल्या की मला काही सांगताच येईना. एवढं दुखणं एकट्याने पोटात ठेवलं, म्हणाल्या. चार महिने मला कळू दिलं नाही, म्हणाल्या. अकोल्याहून भावाला बोलावलं. मला पलंगावर बसवलं, पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत.

तेहेतीस वर्षांच्या संसारात इतकी माया मी पाहिली नव्हती. ती माझी नव्हती हे मला माहीत होतं, तरी दोन दिवस मी ती घेतली. हेही लिहून ठेवतो.

२४ जून

साळ्याने आणि दुर्गाबाईंनी धरून मॅडमकडे नेलं. मी नळीत फुंकलं. डोळे मिटले आणि असेल ते निघू दे म्हणून फुंकलं.

मॅडमनी आकडा पाहिला. पुन्हा फुंकायला लावलं. फेब्रुवारीचा कागद शेजारी ठेवला. मग म्हणाल्या, "काका, तुमची फुफ्फुसं वयाच्या मानाने उत्तम आहेत." खोकला ॲसिडिटीचा आहे. रात्री लवकर जेवा, तिखट कमी करा, जाईल.

दुर्गाबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. गेलेली फुफ्फुसं अशी परत येत नाहीत, म्हणाल्या. बाकीच्यांना बाहेर बसवलं आणि मला विचारलं, तेव्हा फुंकलं कोणी?

सांगितलं. चार महिने जे वाक्य जुळत नव्हतं ते एका दमात बाहेर आलं.

मग त्यांनी विचारलं, टँकरवर तुम्ही चढता ना? मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. माझे गुडघे दुखायला लागले त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून झाकण कोण उघडतं? वाकून डिप कोण घेतं? टाकी साफ करायला आत कोण उतरतं? नळी कोण ओढतं? मी खाली उभा राहून आकडा लिहितो, दहा हातांवर, वाऱ्याच्या बाजूने.

मॅडम म्हणाल्या, तो निकाल चौपन्न वयाच्या हिशोबाने निम्मा होता. अडतिसाच्या माणसाचा तो आकडा म्हणजे आणखी वाईट. फेब्रुवारीत काम थांबलं असतं तर होतं तेवढं तरी राखता आलं असतं. माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२५ जून

दुर्गाबाईंना सगळं सांगितलं. पाण्याचा तांब्या माझा मीच भरून घेतला.

मग ही डायरी पहिल्यापासून वाचली. ९ जानेवारी. 'मी डिप घेतली.' घेतली नाही, घ्यायला लावली. 'टँकर खाली केला.' करवला. 'तोंडाने ओढलं.' कोणी, ते लिहिलंच नाही. पेनाने दुरुस्त करत गेलो. खरं लिहायचं म्हणून ही डायरी धरली होती आणि क्रियापदं सगळी खोटी निघाली.

३ जुलै

धर्मेंद्रला घरी आणलं. ऑक्सिजनचं मशीन लावलं आहे, तेच जन्मभर म्हणे. मी उत्तमरावांकडे गेलो. म्हटलं, बारा वर्षं आपल्या टँकरवर होता, त्याच्यासाठी काही करा. मालक वाईट माणूस नाही. पण म्हणाले, देवीदास, त्याचं नाव आपल्या कुठल्याच रजिस्टरला नाही. आपल्याकडे काम करताना छाती बिघडली असा एखादा कागद आण, मी वर पाठवतो.

कागद माझ्याकडे होता. पहिल्यांदा वाटलं, आपल्या हातून काही चांगलं होईल.

६ जुलै

बडनेऱ्याला गेलो. धर्मेंद्र दारात खुर्चीवर बसला होता. नाकात नळी, मागे मशीन घुरघुरतं. शर्टाची सगळी बटणं लागली होती. ज्योत्स्नाबाईंनी मला स्टूल दिलं, चहा ठेवायला आत गेल्या.

तोच आधी बोलला. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. दुर्गाबाईंनी फोनवर ज्योत्स्नाला विचारलं होतं म्हणे, कसं आहे. मग त्यानेच मला विचारलं, तुमची छाती कशी हाये भाऊ? मी म्हटलं, चांगली आहे. त्याला खरंच बरं वाटलं. म्हणाला, मी फुकलो ते कामी आलं, नाईतर तुमाले हवेवर बसवलं असतं.

मग मी सांगितलं. सगळं, कोणताही शब्द न गाळता. पास नव्हता, नापास होता. मशीन बिघडलं नव्हतं. मला एकोणीस फेब्रुवारीपासून माहीत होतं. ज्योत्स्नाबाई चहा घेऊन दारात येऊन उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. त्यांनी चहा खाली ठेवला आणि आत निघून गेल्या.

मी रिपोर्ट काढून धर्मेंद्रच्या हातात दिला. म्हटलं, हा तुझा आहे, मालकांना दाखव, कोणालाही दाखव, मी साक्ष देतो. त्याने तो उलगडला, मांडीवर ठेवून हाताने सरळ केला. इंग्रजी त्याला येत नाही. आकड्यांवरून बोट फिरवत वर गेला आणि पहिल्या ओळीपाशी थांबला. तेवढं त्याला वाचता येतं.

"याच्यावर त तुमचं नाव हाये, भाऊ."

त्याने कागदाची पुन्हा तशीच घडी घातली आणि माझ्यापुढे धरली. मी ती घेतली आणि खिशात ठेवली.